दोनच शब्द

वैजयंती चौदा महिन्यांनी बोलली तेव्हा तिचे पहिले शब्द होते, "दार उघड." ते तिनं नवऱ्याला म्हटले नव्हते. समोरच्या पडद्यावर धरणात बुडालेल्या एका गावातली शाळा होती, शाळेच्या कडीला गंज चढला होता आणि वैजयंतीला आत जायचं होतं.

"दार उघडले," पडद्यावर अक्षरं उमटली. "आत गुडघाभर गाळ आहे. भिंतीवर फळा दिसतो."

मधुसूदन शिराळकर खुर्चीतून उठला, खिडकीपाशी गेला आणि बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिला. डोळे पुसून तो परत आला तेव्हा वैजयंतीनं "फळा वाच" अशी पुढची आज्ञा देऊनही टाकली होती.

मधुसूदन बाहत्तर वर्षांचा. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये अख्खी नोकरी करून निवृत्त झालेला, मिरजेत स्थायिक. त्याला एक नाद होता आणि तो सांगितला की लोक हमखास दुसऱ्यांदा विचारायचे. तो संगणकावरचे जुने खेळ जमवायचा, पण चित्रांचे नव्हेत. ज्यांत एकही चित्र नाही, नुसता मजकूर आहे, असे. संगणकाला चित्र काढणं जड जायचं त्या काळात जगभर हे खेळ लिहिले गेले. पडद्यावर चार ओळी येतात: तुम्ही एका खोलीत आहात, उत्तरेला जिना आहे, टेबलावर कंदील आहे. मग खेळणाऱ्यानं आज्ञा टाइप करायची. कंदील घे. जिना चढ. यंत्राला तेवढंच कळतं, एक नाम आणि एक क्रियापद. कळलं नाही तर ते सरळ सांगून टाकतं, "हा शब्द मला माहीत नाही."

असे तीनशे बारा खेळ त्याच्या दोन लोखंडी कपाटांत होते. फ्लॉपी, कॅसेटी, मूळ खोकी, खोक्यांतून आलेले कापडी नकाशे, कुणा काल्पनिक माणसांची पत्रं, एकात तर कधीच न सुटलेल्या बोटीचं तिकीट. ओल लागू नये म्हणून कप्प्याकप्प्यांत सिलिका जेलच्या पुड्या. दर सहा महिन्यांनी तो प्रत्येक फ्लॉपी वाचून बघायचा, कारण तिच्यावरचा चुंबकीय थर झडत जातो आणि एके दिवशी अख्खी गुहा, राजवाडा किंवा जहाज नाहीसं होतं. "चित्रांच्या खेळात खोली त्यांची असते," तो सांगायचा. "इथं खोली माझी असते. त्यांनी फक्त त्यात कंदील ठेवलेला असतो."

वैजयंतीला यात काडीचा रस नव्हता. ती सांगलीच्या न्यायालयात लघुलेखक होती. "दिवसभर लोकांचं बोलणं उतरवून येते मी," ती म्हणायची. "घरी आल्यावर पुन्हा अक्षरांशी कोण भांडणार? तुम्ही बसा तुमच्या गुहांत."

मग अडुसष्टाव्या वर्षी तिला झटका आला. मेंदूच्या डाव्या बाजूला. उजवा हात आणि पाय गेला, आणि वाचा गेली. ऐकलेलं तिला कळायचं. काय म्हणायचं आहे तेही मनात स्पष्ट असायचं. पण मनातल्या अर्थापासून ओठांवरच्या शब्दापर्यंत जाणारा रस्ताच वाहून गेला होता. लिहिणंही त्याच रस्त्यानं जातं, त्यामुळे डावा हात धड असूनही उपयोग नव्हता. मानेचाही भरवसा उरला नाही. "हो" म्हणायचं असताना मान "नाही" अशी हलायची, आणि ते लक्षात आलं की वैजयंती डोळे मिटून घ्यायची.

मिरजेच्या ज्या रुग्णालयात तिच्यावर उपचार चालू होते तिथं डॉ. तबस्सुम जमादार नावाच्या तरुण डॉक्टर होत्या. त्यांनी पट्टीचा पर्याय सुचवला. टपाल तिकिटाएवढी पातळ पट्टी, कवटीच्या आत, मेंदूच्या पृष्ठभागावर टेकवलेली. तिच्यावर अडीचशे सूक्ष्म इलेक्ट्रोड. माणूस "घे" हा शब्द मनात आणतो तेव्हा मेंदूतल्या हजारो पेशी एका ठरावीक क्रमानं चेततात, "उघड" मनात आणतो तेव्हा वेगळ्या क्रमानं. पट्टी हे क्रम ओळखायला शिकते आणि उशाशी ठेवलेल्या छोट्या ध्वनिवर्धकातून तो शब्द बोलून दाखवते.

"पण मर्यादा आहेत, काका," डॉक्टर म्हणाल्या. "काकूंच्या मेंदूचा जो भाग शाबूत आहे, त्यातून खात्रीनं ओळखू येतील असे शब्द दीडशेच्या आसपास. 'हो' आणि 'नाही' तर पट्टीतही एकमेकांत मिसळतात. शिवाय प्रत्येक शब्द शेकडो वेळा मनात आणावा लागतो, तोही मनापासून. तिथंच गाडी अडते. आम्ही कार्डं दाखवतो, सफरचंद, खुर्ची. पेशंट दोन आठवड्यांत कंटाळतात. सफरचंद म्हटल्यावर सफरचंद मिळत नाही ना."

"एका वेळी किती शब्द जमतात?"

"दोन. एक नाम, एक क्रियापद. त्यापुढे नाही."

मधुसूदनला कित्येक महिन्यांनी हसू आलं. "डॉक्टर, माझ्या घरी अशी तीनशे बारा यंत्रं आहेत," तो म्हणाला. "त्यांनाही तेवढंच कळतं."

त्या तीनशे बारांत मराठी खेळ एकच होता. त्याचं नाव 'बुडीत'. कराडला तंत्रनिकेतनात शिकवणाऱ्या उपळेकर नावाच्या गृहस्थांनी तो १९९१ साली रोमन अक्षरांतल्या मराठीत लिहिला आणि अकरा प्रती विद्यार्थ्यांना वाटल्या. उपळेकरांचं लहानपणचं गाव धरणाखाली गेलं होतं. खेळात एका दुष्काळी वर्षी पाणी ओसरतं आणि तुम्ही त्या गावात उतरता. चावडी, शाळा, लोहाराचा भाता, बारव, सत्तावीस घरं. उपळेकर वारले. दहा फ्लॉपी बुरशीनं गेल्या. अकरावी मधुसूदनच्या कपाटात होती. देशोदेशींचे संग्राहक तिची प्रत मागायचे, दोन संग्रहालयांची पत्रंही आली होती. तो कुणालाच देत नसे. हा कंजूषपणा आहे हे त्याला ठाऊक होतं, पण ते गाव आपल्याखेरीज कुणाजवळ नाही यात त्याला चोरटं सुख वाटायचं.

त्यानं तीन आठवडे बसून सगळा मजकूर देवनागरीत आणला आणि खेळ पट्टीला जोडला. डॉक्टरांच्या सल्ल्यानं शब्द ठरवले. नव्वद खेळाचे, बाकीचे घरचे: पाणी, औषध, दुखतं, चूक, ऋचा, बस, ये, हस, रड, ठेव, काढ, पट्टी, नको, वगैरे.

रोज दुपारी तीन ते पाच वैजयंती बुडालेल्या गावात असायची. एकेका शब्दाला पाऊण मिनिट लागायचं. मधुसूदनला वाटलं होतं, ती कशीबशी चारदोन घरं फिरेल. पण खोलीतली प्रत्येक वस्तू बघितल्याशिवाय ती पाऊल हलवायची नाही. तो शेजारी बसून आलेखाच्या कागदावर गावाचा नकाशा काढायचा आणि त्याचं चुकलं की ध्वनिवर्धकातून आवाज यायचा, "चूक. पूर्व." सगळी क्रियापदं खेळातल्यासारखी एकेरी. चव्वेचाळीस वर्षं "अहो" म्हणणारी बायको आता "पाणी दे" असं फर्मान सोडायची. मधुसूदनला ते भारी आवडायचं. त्यानं हे कुणाला सांगितलं मात्र नाही.

त्यांची मुलगी ऋचा बंगळुरूला पुलांचे आराखडे करायची. पस्तीस वर्षांची, लग्न झालेली. तिला हे सोसवेना. फोनवर आई समोर दिसायची आणि पाऊण मिनिट काहीच घडायचं नाही. मग "ऋचा." आणखी पाऊण मिनिट. "खा."

"बाबा, हे आईशी बोलणं नाही," ती म्हणाली. "हे तारायंत्र आहे."

तिनंच 'ओघ' शोधून काढलं. पट्टी बनवणाऱ्या कंपनीचीच ती नवी प्रणाली होती. वैजयंतीचे वीस वर्षांतले निरोप, फोनवरची ध्वनिमुद्रणं, भाचीच्या लग्नातलं तिचं भाषण, सगळं कंपनीनं मागून घेतलं. विरलेल्या कापडाला रफू करणारा उरलेल्या धाग्यांवरून मूळची वीण ताडतो, तसं ओघ करायचं. पट्टीनं पकडलेला शब्द घ्यायचा, ही बाई अशा वेळी बहुधा काय म्हणाली असती याचा अंदाज बांधायचा आणि तिच्याच आवाजात, तिच्याच लकबीत अख्खं वाक्य बोलायचं. तेही लगेच, पुढच्या शब्दाची वाट न बघता.

सप्टेंबरातल्या एका सकाळी ओघ सुरू झालं. ऋचा पडद्यावर होती.

"अगं ऋचा, किती उतरलाय तुझा चेहरा!" वैजयंतीचा आवाज आला. "जेवतेस ना वेळेवर?"

ऋचा तोंडावर हात घेऊन रडायला लागली. मधुसूदनही रडला. देखभालीला येणारी नर्स रडली. दीड वर्षानं ते घर पुन्हा बोलू लागलं.

त्यानंतर ऋचा रोज संध्याकाळी फोन करायची. नोव्हेंबरात तिचं पाच महिन्यांचं बाळ पोटातच गेलं. तिनं ते पहिल्यांदा आईलाच सांगितलं. मधुसूदन दाराशी उभा होता.

"रडू नकोस, बाळा," वैजयंतीचा आवाज म्हणत होता. "तू अजून तरुण आहेस. सगळं नीट होईल बघ."

त्याला नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. वैजयंतीचा डावा हात चादरीची घडी मुठीत धरून ओढत होता. इतकी, की चादर गादीखालून निघून आली.

डिसेंबरात त्यानं एका दुपारी पुन्हा 'बुडीत' लावलं. ओघ बंद करायचं त्याच्या लक्षात राहिलं नाही. वैजयंती आदल्या वेळी एकटीच खेळली होती आणि दोर कुठंतरी ठेवून आली होती.

"वैजू, दोर कुठं ठेवलास गं?"

"दोर ना? कोठीच्या खोलीत ठेवलाय, पेटाऱ्याच्या मागे," उत्तर आलं. "विसरलात का?"

ते "विसरलात का" इतकं तिचं होतं की मधुसूदननं मान डोलावली आणि नकाशा पुढे ओढला. मग त्याचं बोट कागदावर थांबलं. 'बुडीत'मध्ये कोठीची खोली नव्हती. पेटाराही नव्हता. त्या गावातला दगड न् दगड त्याला पाठ होता.

त्यानं वर बघितलं. वैजयंतीचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर आपटत होता.

त्यानं ओघ बंद केलं. खोली शांत झाली. एक मिनिट गेलं.

"दोर. बारव."

दोर बारवेच्या तिसऱ्या पायरीवर होता. आणि मग, त्यानं काही विचारलं नसताना, मोठ्या कष्टानं, मध्ये श्वास घेत, "चूक. चूक. चूक."

पुढचे नऊ दिवस मधुसूदननं दुसरं काही केलं नाही. तो वैजयंतीला खेळातलं काहीतरी विचारायचा, आधी ओघ चालू ठेवून, मग बंद करून, आणि दोन्ही उत्तरं वहीत लिहायचा. चाळीस प्रश्न झाले. दोन शब्दांच्या वैजयंतीची सदतीस उत्तरं बरोबर होती. ओघाची अकरा. ओघाची उत्तरं जास्त गोड होती, जास्त तिच्यासारखी होती आणि बहुतेक चूक होती.

वही घेऊन तो डॉ. जमादारांकडे गेला.

"घरातल्या गोष्टींत हे कधी दिसलं नसतं," तो म्हणाला. "मुलगी नीट जेवते का, हे कुठलीही आई विचारेल. ते बरोबरच वाटणार. पण हे गाव जगात कुठल्याच यंत्रानं वाचलेलं नाही. ते फक्त माझ्या कपाटात आहे आणि हिच्या डोक्यात. इथं अंदाज चालत नाही."

डॉक्टरांनी वही दोनदा वाचली. त्यांचा चेहरा उतरत गेला. त्याला कारण होतं. जानेवारीच्या अखेरीस वैजयंतीची दुसरी शस्त्रक्रिया ठरली होती. छोटी पट्टी काढून मेंदूत खोलवर जाणारी मोठी जाळी बसवायची, म्हणजे ओघ आणखी अस्खलित होणार होतं. रक्तस्रावाचा धोका होता आणि एकदा जाळी बसली की छोट्या पट्टीकडे परत येता येणार नव्हतं. त्यासाठी पेशंटची संमती घेतलेली होती. चित्रफितीवर. डॉक्टरांनीच.

"पट्टीनं मूळ काय पकडलं त्याची कच्ची नोंद असते," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "ती कुणी उघडत नाही. मीही उघडली नव्हती."

त्यांनी त्या दिवसाची नोंद उघडली. उजवीकडे ओघाचं वाक्य होतं, "आधी मी नको नको म्हणत होते, पण आता मला हे हवंय. ऋचाशी नीट बोलता येईल." डावीकडे पट्टीनं पकडलेले शब्द होते. नको. नको. काढ. नको.

"तिनं नाही म्हटलं," मधुसूदन म्हणाला, "आणि यानं त्याचंच होकाराचं वाक्य केलं."

"मुद्दाम केलं नाही, काका. फॉर्म पुढे आहे, डॉक्टर समोर आहे, मुलीचं नाव निघालंय. अशा वेळी माणसं बहुतेक 'हो' म्हणतात. ते बहुतेकांसारखं बोललं." डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पण तिथं बसून मान डोलवणारी मी होते."

ऋचा शस्त्रक्रियेच्या कागदांसाठी मिरजेला आली त्या दिवशी सकाळी मधुसूदननं तिला स्वयंपाकघरात बसवून सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. चहा निवून गेला.

"म्हणजे मी चार महिने कोणाशी बोलत होते?"

"तिच्याशीच. ती ऐकत होती. एकूण एक ऐकलंय तिनं."

"आणि उत्तरं?"

मधुसूदननं निवलेल्या चहाचा कप बाजूला सारला.

"बाबा, एक बोलू का? राग आला तरी चालेल." ऋचाचा आवाज चढला. "तुम्हाला ती तुमच्या खेळात हवी आहे. आयुष्यभर आली नाही, आता आली, तर तुम्हाला सोडवत नाही. मला माझ्याशी बोलणारी आई हवी आहे. मग दोन शब्द पुरतात कोणाला? तुम्हाला. तुम्हाला तेवढेच लागतात!"

तो घाव वर्मी बसला, कारण त्यात खोटं काही नव्हतं.

"खरं आहे," तो म्हणाला. "ती तिथं असते ते मला आवडतं. इतकं आवडतं की मला लाज वाटते. आणि ते दीडशे शब्दही मीच निवडलेत, डॉक्टरांबरोबर बसून. तिला लागणारे कुठले शब्द त्यात नाहीत, ते मला माहीत नाही. पण जे आहेत ते तिचे आहेत, ऋचा. मध्ये कोणी नाही."

ऋचा उठून खिडकीशी गेली. परत आली. तिनं विचारलं, "त्या दिवसाची नोंद आहे का? मी बाळाचं सांगितलं त्या दिवसाची?"

"आहे. पण कशाला बघतेस?"

"दाखवा."

त्यानं संगणक तिच्यापुढे सरकवला. त्यानंही ती नोंद तोवर उघडली नव्हती, त्याची छाती झाली नव्हती. उजवीकडे ते वाक्य होतं, रडू नकोस, बाळा, तू अजून तरुण आहेस. ऋचाला ते तोंडपाठ होतं. त्या वाक्याच्या आधारावर तिनं दोन महिने काढले होते. कामावर गेली होती, हसली होती, कुणासमोर डोळ्यांत पाणी येऊ दिलं नव्हतं. आईनं सांगितलं होतं म्हणून.

डावीकडे लिहिलं होतं: ऋचा. रड.

खाली पुन्हा, दोन मिनिटांनी: ऋचा. रड.

आणि शेवटी: ऋचा. ये.

ऋचानं ते बोट ठेवून वाचलं. मग ती उठली आणि आईच्या खोलीत गेली. मधुसूदन मागून गेला नाही. त्याला फक्त दिसलं, की तिनं उशाशी वाकून ओघाची कळ बंद केली आणि पलंगाच्या कडेला बसून आईच्या कुशीत तोंड खुपसलं. बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग ऐकू आलं. दोन महिने अडवून धरलेलं ते रडणं मोठं होतं, बेढब होतं आणि मधुसूदनला स्वयंपाकघरात बसून ते ऐकवेना. वैजयंती त्या वेळात एकही शब्द बोलली नाही. तिचा डावा हात मुलीच्या पाठीवर होता.

शस्त्रक्रिया झाली नाही. डॉ. जमादारांनी संमती नव्यानं घेतली. तीन वेगवेगळ्या दिवशी, ओघ बंद ठेवून, "हो" किंवा "नाही" न विचारता. जुनी पट्टी काढू की ठेवू, एवढंच विचारलं. तिन्ही दिवशी उत्तर एकच आलं, "पट्टी. ठेव." एकदा डॉक्टरांनी शब्दांची अदलाबदल करून विचारलं तेव्हा वैजयंतीनं त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी चौथ्यांदा विचारायचं सोडून दिलं.

हे प्रकरण तिथंच मिटलं नाही. डॉक्टरांनी वहीतल्या चाळीस प्रश्नांचा निष्कर्ष छापून प्रसिद्ध केला आणि इतर रुग्णालयांतून विचारणा येऊ लागली. ओघ वापरणारे पेशंट ठिकठिकाणी होते, आणि कोण बोलतंय हे तपासायला यंत्रानं न वाचलेलं एखादं जग सगळ्यांनाच हवं होतं. मधुसूदननं जुन्या संग्राहकांना पत्रं लिहिली. कुणाकडे एकुलती एक कॅसेट होती, कुणाकडे हस्तलिखित. जे खेळ जगापुढे आणायची त्यांनी आयुष्यभर धडपड केली, तेच आता मुद्दाम झाकून ठेवायचे होते. ते खेळ इंटरनेटवर न टाकता टपालानं, कागदावर उतरवून, एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात जाऊ लागले. कंपनीनं ओघात सुधारणा केल्याचं जाहीर केलं. कच्ची नोंद आता पेशंटच्या घरच्यांना पडद्यावर शेजारीच दिसते. बरीच घरं ती झाकून ठेवतात, असं डॉक्टर सांगतात. मधुसूदनला त्या घरांचा राग येत नाही.

ऋचा पुन्हा रोज फोन करू लागली. पहिले काही आठवडे ते तिला फार जड गेलं. पाऊण मिनिट गप्प बसायचं म्हणजे काय, हे तिला शिकावं लागलं. मग ती फोन समोर ठेवून आपलं काम करू लागली, भाजी निवडू लागली. कधी अर्ध्या तासात चारच शब्द यायचे. मार्चमध्ये डॉक्टर म्हणाल्या की पट्टी आणखी एखादा शब्द शिकू शकेल, कुठला हवा ते काकूंना विचारा. पण जो शब्द तिच्याकडे नाही, तो ती मागणार कसा?

ऋचानं त्यावर तोड काढली. ती रोज संध्याकाळी शब्दकोशातलं एक पान आईला वाचून दाखवायची. 'अ'पासून. वैजयंती ऐकायची. अंगण, आकाश, आठवण, कंटाळा, घर. कुठल्याच शब्दाला तिनं थांबवलं नाही. मधुसूदनला वाटलं होतं, 'आठवण'ला थांबवेल. ऋचाला वाटलं होतं, 'कंटाळा'ला. जुलै उजाडला तेव्हा वाचन 'प'पर्यंत आलं होतं.

"पडदा. पडवी. पण. पणती."

ऋचा पुढचा शब्द वाचणार तेवढ्यात आवाज आला.

"ऋचा. थांब."

"पणती हवी, आई?"

"चूक."

"पण? नुसतं पण?"

पाऊण मिनिटानं उत्तर आलं. "घे."

डॉ. जमादार चकित झाल्या. असला शब्द आजवर कुणी मागितला नव्हता. "याला ना चित्र, ना कृती," त्या म्हणाल्या. "मेंदूत तो पकडायचा तरी कसा?" मधुसूदन दोन दिवस विचार करत बसला आणि मग त्यानं आयुष्यात पहिल्यांदा स्वतः खेळ लिहिला. त्यातल्या प्रत्येक खोलीत सगळं हाताशी असायचं आणि नेमकं कुठंतरी अडायचं. दार उघडं आहे. पाऊस थांबला आहे. बोट काठाला लागली आहे. त्यापुढे खेळ गप्प बसायचा, आणि वैजयंतीनं मनात "पण" आणल्याशिवाय पुढची ओळ उमटायची नाही. अकरा आठवडे लागले. गौरी-गणपती झाले, दसरा झाला. पट्टीनं तो शब्द शंभरातून नव्वद वेळा बरोबर ओळखला, तेव्हा डॉक्टरांनी तो यादीत घातला.

ऋचाला त्याच सुमाराला नॉर्वेत एका पुलाच्या कामावर दोन वर्षांसाठी बोलावणं आलं. तिनं ते आधी एकदा नाकारलं होतं. या वेळी ती मिरजेला येऊन आठ दिवस राहिली. तिनं तो विषय आईजवळ पुन्हा पुन्हा काढला आणि आई दर वेळी फक्त ऐकत राहिली.

निघायच्या दिवशी सकाळी गाडी दारात उभी होती. मधुसूदननं दांड्याला ध्वनिवर्धक अडकवून वैजयंतीची चाकाची खुर्ची ओट्यावर आणली. ऋचानं आईला वाकून नमस्कार केला, गालाला गाल लावला आणि बॅग उचलली.

"आई, जाऊ ना मी?"

वैजयंतीनं डोळे मिटले. शब्द शोधताना ती तसंच करायची.

"जा."

ऋचानं मान हलवली. पण ती हलली नाही, कारण आईचे डोळे अजून मिटलेलेच होते. चालकानं घड्याळ बघितलं. समोरच्या घरातल्या बाई केर काढता काढता थांबल्या.

"पण."

चालकानं हॉर्न वाजवला. मधुसूदननं हात वर करून त्याला थांबायला सांगितलं. ऋचानं बॅग खाली ठेवली आणि ती आईसमोर ओट्यावर उकिडवी बसली. उन्हाची तिरीप ओट्यावर सरकत आली होती. ती वैजयंतीच्या पावलांवर पडली. कुणीच वाक्य पुरं केलं नाही.

मग वैजयंतीनं डोळे उघडले.

"ये," ती म्हणाली.